सॅव्हानातील पावसाची आम्लता कशी मोजावी
ऑस्ट्रेलियातील कॅथरीनसारख्या उष्णकटिबंधीय गवताळ प्रदेशात, मोठे कारखाने जवळ नसतानाही, पाऊस आम्लधर्मी आढळतो, कारण तेथे फॉर्मिक व ॲसेटिक ही सेंद्रिय आम्ले प्रमुख असतात. आयनविरहित (विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने अनेकदा धुतलेल्या पॉलिथिनच्या बाटलीवरील नरसाळे पाऊस सुरू झाल्यावरच उघडावे, अन्यथा वणव्याची राख आत पडून आम्लता झाकली जाते. सूक्ष्मजीव ही आम्ले काही दिवसांतच खाऊन टाकतात (आणि पाणी निर्दोष भासते), म्हणून बाटलीत थायमॉलचे, म्हणजे आपल्या ओव्यातल्याच द्रव्याचे, थोडे स्फटिक आधीच घालावेत. पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) मोजणारा मापक 4 व 7 च्या बफर द्रावणांनी, म्हणजे पीएच ठाऊक व स्थिर असलेल्या द्रावणांनी, जुळवून घ्यावा. पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने आकडा सावकाश स्थिरावतो, तेव्हा घाई करू नये. तुलनेसाठी, हवेतील केवळ कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या पाण्याचा पीएच सुमारे 5.6 धरावा.