गावातली दाळ मिल : या चुका टाळा, चुनी आपोआप कमी पडेल

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाळ मिल वऱ्हाडात गावोगाव पोचली, हे चांगलंच झालं. पण दर हंगामात नव्या मिलवाल्यांचे फोन येतात आणि रडगाणं एकच असते, "भाऊ, चुनी लय पडून राह्यली, रोलर खराब आहे का?" चुनी म्हणजे दाळ करताना पडणारा तुकडा-चुरा, आणि रोलर म्हणजे मिलमधला तूर सोलणारा फिरता भाग. रोलर खराब नसतो. तूर रोलरवर जायच्या आधीच नुकसान झालेलं असते.

सगळ्यात महाग चूक म्हणजे तूर न चाळता बारीक-मोठी एकत्र टाकणे. मोठ्या दाण्यासाठी रोलरचं अंतर ठेवलं की बारीक दाणा न सोलता खाली येतो. बारीक दाण्यासाठी आवळलं की मोठ्याचा चुरा. टरफल आणि कोंब सोडला तर क्विंटलभर तुरीत 85 किलोच्या आसपास दाळ असतेच, पण बऱ्याच मिलमध्ये हाती 70 ते 75 किलोच लागते. मधला माल चुनी होऊन ढोरांच्या खाद्याच्या भावात जातो. मी दोन चाळण्या लावून तीन ढीग करतो आणि प्रत्येक ढिगातली पाचेक किलो तूर आधी चालवून बघतो. "कायले एवढे चोचले?" म्हणणाऱ्यांनी एकदा आपली चुनी काट्यावर घालून बघावी.

दुसरी चूक माझीच आहे. मिल टाकल्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, एका गिऱ्हाइकाकडे लग्न होतं. चार क्विंटल तूर. रोलरचा पहिला हात मारून, तेल लावून रात्रभर ढीग ठेवला, तोवर ठीक. पुढं दोन-तीन दिवस कडक ऊन पाहिजे होतं, मिळालं एकच दिवस, मग आभाळ भरून आलं. तूर वरून सुकल्यासारखी वाटली, घेतली चालवायला. दाणा आतून ओला. टरफल सुटेना म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फिरवली. विजेचं बिल वाढलं ते वेगळंच, दाळ चपटी आणि तुकडे-तुकडे. त्यावर कहर म्हणजे चुनी तशीच गरम-गरम पोत्यात भरून भिंतीला लावून ठेवली. आठ दिवसांनी आईनं पोतं उघडलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "हे म्हशीले टाकू नको बाप्पा." आतून हिरवी बुरशी. बुरशीचं विष दुधातही उतरू शकते, म्हणून सगळी पोती खड्ड्यात पुरली. गिऱ्हाइकाला भरपाई दिली, त्याचा हिशेब अजून वहीत आहे.

तेव्हापासून मी दाणा दाताखाली धरतो. कट्‌ आवाज आला तरच मिल सुरू. आभाळ असलं तर बंद. गिऱ्हाईक रागावते, रागावू द्या. चुनी ताडपत्रीवर पसरून थंड करतो, मगच भरतो, आणि पोत्यांखाली लाकडी फळ्या टाकतो.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण रोजच्या. पट्टा ढिला ठेवून मोटर फिरवू नका, पट्टा घसरतो, वीज वाया जाते आणि रोलर मंद फिरतो. माल संपल्यावर गप्पा मारत मिल रिकामी चालवू नका. धूळ-फोल पेटवून देऊ नका, शेणात मिसळून खड्ड्यात टाका, पावसाळ्यापर्यंत खत होते. बारदाना झटकून उन्हात टाका, एक पोतं सहज दोन-तीन हंगाम चालते. आणि गिऱ्हाइकाला किलोभर दाळ पातळ पन्नीत देणं सोडा. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर 2022 च्या शेवटापासून देशभर बंदी आहे. मी दारावरच लिहून ठेवलंय, थैली आणा.

सबसिडीचंही सांगून टाकतो. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान मिळते. म्हणून लोक गावच्या तुरीपेक्षा दुप्पट मोठी मशीन उचलतात, मग ती अर्ध्या पोटी चालवतात. गावात किती पोती तूर येते, ते आधी दोन हंगाम मोजा. बँकेत त्यानंतर जा.