सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची ग्रिप फ्रेम निवडताना

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर शिकायला येणारे बहुतेक जण काडतूस, नळीची लांबी आणि पोलादाची झळाळी यांविषयी भरभरून विचारतात. मुठीचा विषय मात्र अक्रोडाचे लाकूड घ्यावे की हस्तिदंतासारखे दिसणारे काही, एवढ्यावरच संपतो. नवोदितांबरोबर सरावाच्या मैदानावर उभे राहताना मला असे आढळले आहे की, पहिल्या काही गोळ्यांनंतर ज्या तक्रारी येतात, म्हणजे मधल्या बोटाचे पेर दुखणे, हत्यार दर वेळी हातात वेगळ्या जागी जाऊन बसणे, अंगठा हॅमरपर्यंत, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या मागच्या भागापर्यंत, न पोहोचणे, त्यांतील बहुतेकींचे मूळ त्या लाकडाखालच्या धातूच्या चौकटीत असते. ही चौकट म्हणजे ग्रिप फ्रेम. तळहाताला टेकणारी तिची मागची पट्टी म्हणजे बॅकस्ट्रॅप, बोटांखाली येणारी पुढची पट्टी म्हणजे फ्रंटस्ट्रॅप, आणि ट्रिगरभोवतीचे कडे म्हणजे ट्रिगर गार्ड. या तिघांचे परस्परांतील अंतर आणि वळण ठरले की हातातले जवळजवळ सगळे ठरते.

सिंगल ॲक्शनमध्ये ट्रिगर फक्त हॅमर सोडतो; हॅमर मागे खेचण्याचे काम प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने करावे लागते. त्यामुळे या मुठीवर दोन कामे पडतात आणि ती एकमेकांशी भांडतात. गोळी सुटताना हत्यार हातात जागच्या जागी राहावे, ही पहिली अपेक्षा. लगेच पुढच्या क्षणी अंगठा सैल होऊन हॅमरच्या टोकापर्यंत सहज जावा, ही दुसरी. जी मूठ हाताला घट्ट बांधून ठेवते ती अंगठ्याला मोकळे करत नाही, आणि जी अंगठ्याला मोकळे करते ती धक्क्याला फारसा विरोध करत नाही. आजवर निघालेल्या सगळ्या ग्रिप फ्रेम या भांडणातल्या निरनिराळ्या तडजोडी आहेत, असे समजून त्यांच्याकडे पाहिले की निवड पुष्कळ सोपी होते.

सर्वांत परिचित आकार कोल्ट कंपनीच्या १८७३च्या सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरचा. तो त्या वर्षी नव्याने जन्मला नव्हता. कोल्टच्या १८५१च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची मूठच पुढे चालू ठेवली गेली. नांगराच्या मुठीसारखा खाली आणि पुढे वळत जाणारा हा आकार आहे, आणि इंग्रजीतून आलेले त्याचे नावही तेच सांगते. बॅकस्ट्रॅपचे वळण वरपासून खालपर्यंत अखंड असल्यामुळे गोळी सुटली की हत्यार मागे ढकलले जाण्याऐवजी तळहातात वर फिरते. नळीची रेषा हाताच्या बरीच वर असल्याने धक्का हत्याराला फिरवू पाहतो, आणि ही मूठ त्या फिरण्याला वाट देते. नवशिक्याला हे हत्यार निसटल्यासारखे वाटते. वास्तविक त्या फिरण्यातच या आकाराची सगळी गंमत आहे, कारण नळी वर उठताना हॅमर अंगठ्याच्या जवळ येतो; अंगठा त्यावर ठेवून हात खाली आणला की पुढची गोळी तयार होते. मध्यम धक्क्यासाठी याहून सुरेख रचना मला तरी माहीत नाही.

हा आकार धरताना करंगळीचे काय करावे, हा प्रश्न हमखास येतो. मध्यम आणि मोठ्या हातांच्या माणसांना तिन्ही बोटांची जागा मुठीवर मिळत नाही. करंगळी खाली दाबून कोंबण्यापेक्षा ती मुठीच्या तळाखाली अलगद दुमडून ठेवावी. असे धरल्यावर हत्यार करंगळीवर टेकते, हात किंचित खाली राहतो आणि मधल्या बोटाचे पेर ट्रिगर गार्डच्या मागच्या कडेपासून दूर राहते. याउलट, हल्लीच्या पिस्तुलांची सवय असलेली माणसे हात होईल तितका वर चढवतात. त्या हत्यारांत ते योग्यच आहे. इथे मात्र त्याचा परिणाम म्हणून ट्रिगर गार्ड प्रत्येक गोळीला बोटावर आपटतो, आणि मग माणूस धक्क्याच्या भीतीने ट्रिगर झटकू लागतो.

काडतूस जड झाले की या मुठीची मर्यादा दिसू लागते. .४५ कोल्टची मूळ धाटणीची गोळी साधारण १६.५ ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदाला २६० मीटरच्या आसपास असतो; .४४ मॅग्नमची १५.५ ग्रॅमची गोळी लांब नळीतून सेकंदाला ४०० मीटरहून अधिक वेगाने निघते. केवळ गोळीचा संवेग धरला तरी तो सुमारे दीडपट होतो, आणि सारख्याच वजनाच्या हत्यारात मागे येणारी ऊर्जा दुपटीच्या पुढे जाते. रुगर कंपनीने १९५५मध्ये ब्लॅकहॉक हा सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर आणला आणि १९५६मध्ये तो .४४ मॅग्नममध्येही दिला, तेव्हा त्याला ॲल्युमिनियमची, जुन्या कोल्टच्या मापाची छोटी ग्रिप फ्रेम होती. इतका धक्का त्या मुठीत मावणे कठीण होते. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने आपल्या या फ्रेममध्ये ट्रिगर गार्डच्या मागे बोटासाठी थोडी अधिक जागा दिली. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. ज्यांची बोटे जाड आहेत त्यांनी दोन्ही फ्रेम एकापाठोपाठ धरून पाहाव्यात. तोच फरक त्यांना पहिल्या सहा गोळ्यांत कळतो.

मूठ लांब करणे हा दुसरा मार्ग. कोल्टच्या १८६०च्या आर्मी मॉडेलची मूठ नेव्हीच्या मुठीसारखीच, पण लांब होती. वळण तेच आणि करंगळीला हक्काची जागा. मोठ्या हाताच्या माणसाला नांगरमूठ आवडत असेल, पण करंगळी दुमडण्याचा कंटाळा येत असेल, तर मी प्रथम हाच आकार सुचवतो. रुगरने १९५९च्या सुपर ब्लॅकहॉकसाठी याहून मागे जाऊन कोल्टच्या ड्रॅगून रिव्हॉल्व्हरचा आधार घेतला. फ्रेम पोलादाची केली, मूठ लांब ठेवली आणि ट्रिगर गार्डची मागची कड चौकोनी केली. वाढलेले वजन धक्का शोषायला उपयोगी पडते, यात शंका नाही. चौकोनी कडेविषयी मात्र मते तीव्र आहेत. ती कड सरळ उभी उतरत असल्यामुळे काहींच्या मधल्या बोटाच्या पेरावर अगदी नेमकी आदळते, तर काहींना तिचा पत्ताही लागत नाही. हाताची जाडी, बोटाची लांबी आणि हत्यार किती वर धरले आहे, या तिन्हींवर ते अवलंबून असल्याने दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबून निर्णय घेऊ नये.

आता बिस्ली. इंग्लंडच्या सरे परगण्यातील बिस्ली येथे १८९०पासून नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा भरू लागल्या, आणि १८९४मध्ये कोल्टने लक्ष्यवेधासाठी काढलेल्या मॉडेलला त्या जागेचे नाव दिले. त्याची मूठ ट्रिगर गार्डमागे उंच चढते आणि खाली आकड्यासारखी पुढे वळते. हॅमरचे टोक खाली उतरलेले आणि रुंद, ट्रिगरही रुंद. लक्ष्यावर सावकाश नेम धरणाऱ्याला अंगठा फारसा न हलवता हॅमर ओढता यावा, हा त्यामागचा विचार होता. रुगरने १९८०च्या दशकात हेच नाव घेतले, पण आकार घेतला नाही, आणि इथे नवोदितांचा नेहमी गोंधळ होतो. रुगरच्या बिस्लीची मूठ अधिक उभी आणि लांब आहे व तिचे वळण सौम्य आहे. तिचे नाते अमेरिकी नेमबाज आणि शस्त्रलेखक एल्मर कीथ यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस करवून घेतलेल्या आणि ‘नंबर फाइव्ह’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या रिव्हॉल्व्हरशी अधिक जवळचे आहे; त्यात सिंगल ॲक्शन आर्मीचा ट्रिगर गार्ड आणि बदल केलेला बिस्लीचा बॅकस्ट्रॅप एकत्र आणले होते.

रुगरची बिस्ली मूठ धक्क्याला फिरू न देता सरळ तळहातात घेते. तिन्ही बोटे मुठीवर बसतात, बॅकस्ट्रॅप अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्यात उंच टेकतो आणि मधले बोट ट्रिगर गार्डपासून सुटे राहते. जड काडतुसांसाठी तिची शिफारस वारंवार होते ती यामुळेच. तिची किंमतही समजून घ्यावी. हत्यार फिरत नसल्याने हॅमर आपण होऊन अंगठ्याकडे येत नाही; टोक खाली असले तरी पकड सैल करूनच तिथे जावे लागते. दोन्ही हातांनी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हॅमर ओढणाऱ्याला याचा त्रास होत नाही, एका हाताने सलग गोळ्या झाडणाऱ्याला होतो. शिवाय काही जणांना सर्व धक्का तळहाताच्या एकाच भागात जाणवतो आणि तो फिरणाऱ्या मुठीपेक्षा कठोर वाटतो. हलक्या काडतुसांच्या काऊबॉय ॲक्शन प्रकारच्या स्पर्धांकडे वळणाऱ्याने केवळ नावलौकिकामुळे बिस्ली घेण्याचे कारण मला दिसत नाही.

बर्ड्सहेड म्हणजे पक्ष्याच्या डोक्यासारखा गोल, आखूड तळ असलेला आकार. तो सुबक दिसतो, कमी जागा घेतो आणि छोट्या हातांत बरा बसतो. पहिले हत्यार म्हणून मात्र तो घेऊ नये, कारण करंगळीला खाली आधारच नसतो. जाता जाता एक जुना प्रयोगही नोंदवतो: स्मिथ अँड वेसनने १८७०च्या दशकात रशियन सैन्यासाठी केलेल्या मॉडेलमध्ये बॅकस्ट्रॅपच्या वरच्या टोकाला ठळक उंचवटा होता आणि ट्रिगर गार्डखाली बोटासाठी काटा होता. हात वर सरकू नये, ही त्या उंचवट्यामागची कल्पना. तो पार करून हॅमर ओढायला हात हलवावा लागे, हा तिचा तोटा.

निवड करताना रिकामे हत्यार दुकानात धरून पाहणे पुरेसे नाही, कारण धक्का नसताना जी मूठ सर्वांत आरामदायक वाटते ती पुष्कळदा गोळीनंतर तशी राहत नाही. तरी रिकाम्या हत्याराची एक चाचणी उपयोगी आहे. सिलिंडरची प्रत्येक कोठी स्वतः तपासून, सुरक्षित दिशेला, डोळे मिटून हत्यार एका ठरलेल्या बिंदूकडे रोखावे आणि मग डोळे उघडावेत. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, सातत्याने वर किंवा खाली दिसत असेल, तर त्या मुठीचा कोन तुमच्या मनगटाशी जुळत नाही. त्यानंतर मैदानावर आधी हलकी आणि मग मध्यम काडतुसे वापरावीत, आणि कागदावरच्या छिद्रांआधी स्वतःच्या हाताकडे पाहावे. गोळीनंतर हत्यार प्रत्येक वेळी एकाच जागी येऊन थांबते का? बोटे पुन्हा जुळवावी लागतात का? जे हत्यार भरपूर फिरते, पण दर वेळी सारखेच फिरते, ते ताब्यात आहे. जे थोडेच सरकते, पण दर वेळी वेगळीकडे, ते नाही.

याचा संबंध गोळी लागण्याच्या उंचीशीही आहे. गोळी नळीत असतानाच नळी वर उठू लागते, म्हणून जड आणि संथ गोळ्या सहसा लक्ष्यावर वर लागतात. मूठ बदलली की हे उठणेही बदलते. ज्यांची माशी पक्की बसवलेली असते त्यांनी मूठ बदलल्यावर जुन्या काडतुसांचा नेम पुन्हा तपासून घ्यावा, आणि तोवर माशी घासण्याची घाई करू नये.

मुठीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या लाकडी पट्ट्यांचा विचार यानंतर. नांगरमुठीवर गुळगुळीत पट्ट्या चांगल्या, कारण हत्यार हातातून फिरायचे असते आणि खोल जाळीदार नक्षी कातडी सोलते. बिस्लीवर मात्र सौम्य नक्षी चालते. वरच्या बाजूला फार जाड पट्ट्या असतील तर अंगठ्याची हॅमरपर्यंतची वाट लांबते. एक फ्रेम काढून दुसरी बसवण्याचा मोह झाला तर आधी जाणकार कारागिराला विचारावे: रुगरमध्ये साध्या फ्रेमच्या जागी बिस्ली बसवायची तर हॅमर आणि ट्रिगरही बदलावे लागतात, आणि १९७३च्या आधीच्या व नंतरच्या यंत्रणांचे भाग सरसकट जुळत नाहीत. कोल्टच्या धाटणीत बॅकस्ट्रॅप आणि ट्रिगर गार्ड हे वेगळे भाग स्क्रूंनी जोडलेले असतात आणि गोळीबाराने ते स्क्रू सैल होतात. मूठ अचानक बोचू लागली किंवा तिच्यात किंचित हालचाल जाणवू लागली, तर हत्यार रिकामे करून बरोबर मापाच्या पेचकसाने ते आधी आवळावेत. मूठ बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.