ओहोटीच्या वेळी खडपात: कुटुंबासह एक सकाळ कशी आखावी

कोकणात सहलीला जाणारे कुटुंब बहुधा वाळूच्या किनाऱ्यावर थांबते, पाण्यात डुंबते, सूर्यास्त पाहते आणि परत फिरते. त्याच किनाऱ्याच्या एखाद्या टोकाला काळ्या खडकांचा पट्टा असतो. ओहोटीला तो दोनतीन तास उघडा पडतो आणि त्याच्या डबक्यांत जे पाहायला मिळते, ते पाहण्यासाठी एरवी मत्स्यालयात तिकीट काढावे लागते. या पट्ट्याला किनाऱ्यावरची माणसे खडप म्हणतात. खडपातली सकाळ आखायला खर्च जवळजवळ नाही, पण तिची तयारी वाळूवरच्या सहलीपेक्षा वेगळी आहे, कारण येथे वेळ आपण ठरवत नाही, पाणी ठरवते.

दिवस आणि वेळ

सुट्टीचा दिवस आधी निवडून मग समुद्राची वेळ पाहायची, ही नेहमीची रीत येथे उलटी करावी. आधी ओहोटी शोधावी, मग तिला जुळणारी सुट्टी. त्यासाठी पंचांगातली तिथी पुरेशी आहे. किनाऱ्यावरच्या घरांतून चालत आलेला हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, आकडा प्रतिपदेपासूनच मोजावा. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट म्हणजे सव्वादोन, म्हणून भरती दुपारी आणि पहाटे सव्वादोनच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या या दोन्हींसाठी आकडा १५ धरावा. भरती सव्वाअकराला येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या सुमारास.

हा हिशेब अंदाजाचा आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो, शिवाय मालवणपेक्षा मुंबईला भरती उशिरा येते. म्हणून तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांवरून किंवा त्यावर आधारलेल्या मोबाइलमधील तक्त्यावरून पक्की करावी. तक्त्यात पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. जिचा आकडा लहान, ती आपली. मात्र ती अंधारात येत असेल तर तिचा विचार मुलांसह करू नये.

कोणत्याही दिवसाची ओहोटी मात्र चालत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. त्या दिवसांत चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींशी काटकोनात पडते, पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, त्यामुळे खडपाचा खालचा, सर्वांत संपन्न भाग पाण्याखालीच राहतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण होते. त्याचा जोर एक-दोन दिवस मागाहून पूर्ण दिसतो. म्हणून द्वितीया आणि तृतीया या तिथी माझ्या मते सर्वांत सोयीच्या, कारण पाणी खूप मागे हटते आणि तेही सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, उन्हाचा ताप सुरू होण्यापूर्वी. पाणी किती हटेल हे जागेवरही अवलंबून आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती पाच मीटरच्या जवळ जाते, तर मालवणकडे ती अडीच मीटरच्या आतबाहेर असते. तेथे उघडा पडणारा पट्टा त्या मानाने अरुंद असतो.

महिने नोव्हेंबर ते एप्रिल हे धरावेत. जून ते सप्टेंबर खडपाकडे फिरकू नये.

जागा

खडक सपाट, पायऱ्यापायऱ्यांचे आणि गावाच्या नजरेतले असावेत. अलिबागला समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या वाटेवरचे खडक, देवगडजवळ कुणकेश्वरच्या देवळाखालचा किनारा, मालवणचे रॉक गार्डन ही सहज पोहोचता येणारी ठिकाणे आहेत. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तेथील सूचना पाळाव्यात. अनोळखी गावात गेल्यावर पहिले काम म्हणजे कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला निघालेल्या एखाद्या मावशींना किंवा जाळे सोडवत बसलेल्या काकांना विचारणे: कोणत्या वाटेने जावे, पाणी कोणत्या बाजूने आधी भरते, आणि निसरडे कोठे आहे. पुष्कळ ठिकाणी पाणी समोरून न येता मागच्या घळीतून येते आणि परतीची वाट आधी बुडते. ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

आदल्या दिवशी घरी: पाहण्याचा डबा

डबक्याच्या पृष्ठभागावर आकाश चमकते, वाऱ्याने पाणी थरथरते आणि तळ दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून मुलांकडून एक डबा करून घ्यावा. दोन ते पाच लिटरचा रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा किंवा जुना कॅन घ्यावा आणि त्याचा तळ मोठ्या माणसाने कापून काढावा. कापलेली कड सँडपेपरने घासून तिच्यावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे हाताला आणि प्लॅस्टिकलाही ती लागत नाही. मग टेबलावर घालतात तसल्या जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा तळावर ताणून, चारही बाजूंनी वर घेऊन, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने घट्ट आवळावा. साधे रबर खाऱ्या पाण्यात सुटते. घरी बादलीत एकदा दाबून पाणी आत झिरपते का ते तपासावे.

वापरताना डब्याचा बंद तळ चार-पाच बोटे पाण्यात दाबावा आणि वरून आत पाहावे. पाण्याच्या दाबाने प्लॅस्टिक किंचित आत फुगते आणि त्यामुळे तळचे सारे काही थोडे मोठे दिसते. मुलांना या डब्याचे जे वेड लागते, ते विकतच्या कोणत्याही खेळण्याचे लागत नाही.

बाकी सामान थोडेच आहे: खाचांच्या रबरी तळाचे, मागून पट्टा असलेले किंवा जुने बंद बूट, टोप्या, प्यायचे पाणी, एक भिंग, वही, पेन्सिल (पेनची शाई ओलाव्याने पसरते), गोड्या पाण्याची एक बाटली आणि जखमेवर लावायचे औषध. चपला अजिबात नकोत.

प्रत्यक्ष खडपात

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावे आणि उतरत्या पाण्याच्या मागोमाग सावकाश खाली जावे. परतीची वेळ घड्याळात लावून ठेवावी: पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासाने सर्वांनी वळायचे. याचे कारण भरतीच्या चालीत आहे. पाणी सहा तास एका वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा साधारण बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी तीन हिस्से येतात. पहिला तास फसवा शांत असतो आणि त्यानंतर पाणी धावत येते. अलिबागच्या किल्ल्यात चालत जाऊन वेळेचे भान न ठेवणाऱ्यांची जी धांदल उडते, तिचे मूळ हेच आहे.

एका मोठ्या माणसाचे काम फक्त समुद्राकडे पाहण्याचे असावे, आणि ते पाळीपाळीने वाटून घ्यावे. हिरवे शेवाळ टाळून, कालवांच्या धारदार कडांना हात न लावता, तीन-चार वर्षांच्या मुलांचा हात धरून चालावे.

खडकाचे थर वरून खाली ओळखत जाणे हा पहिला अभ्यास. सर्वांत वर, जेथे भरतीचे केवळ तुषार पोहोचतात, तेथे वाटाण्याएवढे गोलसर शंख भेगांत बसलेले दिसतात. त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेले, पांढरट, ज्वालामुखीच्या तोंडासारखे बार्नॅकल नावाचे कवचधारी जीव; त्याखाली कालवे; आणि अगदी खाली, जो भाग उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, तेथे शेवाळाचे झुबके, रंगीत स्पंज आणि समुद्रफुले, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. कोण किती वेळ कोरडे राहू शकतो, त्यावर हे थर ठरतात. एवढे एक सूत्र सांगितले की मुले पुढचे स्वतःच जुळवतात.

यानंतर मात्र चालणे थांबवावे. ताटाएवढे एक डबके निवडून, आपली सावली त्यावर पडणार नाही अशा बाजूला, सर्वांनी दहा मिनिटे न बोलता बसावे. आरंभी डबके रिकामे वाटते. दोन-तीन मिनिटांत एक शंख चालू लागतो; त्यातून लालसर नांग्या बाहेर येतात, कारण मूळची गोगलगाय केव्हाच गेलेली असते आणि त्या शंखात खेकडा राहत असतो. मग काचेसारखी पारदर्शक कोळंबी दिसते, आधी तिचे डोळे, मग आतली काळसर रेघ. एखादे समुद्रफूल मिटलेल्या गोळ्यातून हळूहळू आपले स्पर्शक पसरते. आणखी दहा डबकी धावत पाहण्यापेक्षा हे एक डबके अधिक देते, असे मी ठामपणे सांगेन.

दगड उलटला तर तो सावकाश, आपल्या बाजूला उचलावा आणि पाहून झाल्यावर होता तसाच ठेवावा. खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरतात. कशालाही उघड्या हाताने उचलू नये. शंकूच्या आकाराच्या काही शंखांत विषारी डंख असलेला जीव असतो आणि खडकाच्या रंगाचे काटेरी मासे नजरेला लागत नाहीत. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यांना घरी आणणे हा गुन्हा आहे. रिकामे शंखही तेथेच राहू द्यावेत, त्यांत उद्या कोणी खेकडा राहायला येतो.

वळताना वाळूवर थांबावे. ओहोटीच्या ओल्या वाळूत लहानशा छिद्राभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसते. वाळूतले अन्नकण वेचून उरलेली वाळू गोळी करून मागे टाकणारा तो नखाएवढा खेकडा असतो, आणि आपण स्थिर उभे राहिलो की तो पुन्हा कामाला लागतो.

घरी आणण्यासारखे: शेवाळाचे कागद

लाटांनी किनाऱ्यावर टाकलेले शेवाळ मात्र जरूर आणावे. खडकावरचे ओरबाडू नये. डिसेंबर ते मार्च या काळात ते विपुल असते: हिरव्या पातळ पानांचे उल्वा, पंख्याच्या आकाराचे पडिना, लहान लहान हवेचे फुगे असलेले तपकिरी सारगॅसम. समुद्राच्या पाण्यातच, डब्यात घालून आणावे आणि त्याच दिवशी काम उरकावे, कारण दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो.

परातीत दोन बोटे पाणी घेऊन शेवाळ त्यात तरंगत सोडावे. चित्रकलेचा जाड कागद त्याखाली सरकवून, बारीक कुंचल्याने एकेक फांदी मोकळी करावी आणि कागद एका कडेने हळूच उचलावा, म्हणजे पाणी ओघळते आणि आकार तसाच राहतो. वर सुती धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा, खाली-वर वर्तमानपत्रे, त्यावर पाटा किंवा जड पुस्तके ठेवावीत. वर्तमानपत्रे रोज बदलावीत. कोकणच्या दमट हवेत हे चुकवले तर बुरशी धरतेच. पातळ शेवाळ आपल्याच चिकाने कागदाला चिकटते, जाड सारगॅसमला डिंकाचा थेंब लावावा लागतो. साधारण आठवड्याने कापड सोलून काढावे आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने गाव, तारीख, तिथी आणि ओहोटीची वेळ लिहावी. तिथी लिहायची ती यासाठी की, पुढच्या खेपेला मुले पंचांग उघडून पाऊणपट स्वतः करतील.