बोलायला उभं राहताना आधी पाय बघा

शाहू स्मारकच्या व्यासपीठावर असो की तालमीच्या मंडळाच्या मीटिंगला, बोलायला उठलात की पहिलं लक्ष पायांकडे द्या. दोन्ही पाय खांद्याएवढ्या अंतरावर, वजन दोन्हींवर सारखं, गुडघे किंचित सैल. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पैलवान पाय रोवून उभा राहतो ना, अगदी तसं. एका पायावर रेललात की अंग डुलायला लागतं, आणि समोरच्यांना भीती तिथंच दिसते.

माईक खाली असेल तर वाकू नका. सरळ वर ओढून घ्या, दोन सेकंद गेले तर जाऊ देत. वाकलं की छाती दबते, श्वास अपुरा पडतो, आवाज बसतो. टिपणं सुट्या कागदावर नकोत, हात थरथरला की कागद फडफडतो. जाड कार्ड घ्या. नजर एका वाक्यापुरती एकाच माणसावर, मग दुसऱ्यावर.

दोन मिनिटं अंग फैलावून ऐटीत बसलं-उभं राहिलं की हार्मोन बदलतात, हा २०१० च्या अमेरिकन अभ्यासातला दावा २०१५ च्या मोठ्या फेरचाचणीत टिकला नाही. उभारी वाटल्याचं मात्र तिथंही लोकांनी सांगितलं. त्यामुळं विंगेत जरूर करा.