लंगडणं थांबलं तरी घोडा गाडीला जुंपू नका

पाऊस लागला की अलिबाग, नागाव, काशीद, मुरुडच्या पुळणीवरचे घोडे आणि बग्ग्या थेट दिवाळीच्या गर्दीपर्यंत बसून असतात. मे महिन्याच्या सुट्टीत मऊ रेतीत खूर रुतवत पळालेला एखादा घोडा याच सुमारास लंगडू लागतो. गुडघ्याखालच्या नळीमागचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट धाग्यांचा पट्टा, दुखावलेलं असतं. आपल्याकडे सरसकट ‘शीर धरली’ म्हणतात.

आधी दोन्ही पायांच्या नळीमागून हात फिरवून बघा. दुखऱ्या पायाला ऊब लागते, सूज असते. पाय उचलून अंगठ्याने हळूच दाबलं तर घोडा तो हिसकून घेतो. पहिले दोन-तीन दिवस दर काही तासांनी १५-२० मिनिटं बर्फ लावा. तो फडक्यात गुंडाळूनच लावायचा, थेट कातडीवर नाही. पावसात मासेमारी बंद झाली की बंदरावर बर्फ मिळणं कठीण, म्हणून घरच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या पिशव्या गोठवून ठेवा. बिब्बा घालणं किंवा डाग देणं मात्र नको. कातडी भाजते, आतलं लिगामेंट आहे तसंच राहतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका. घोड्याच्या पोटात त्यांनी अल्सर होऊ शकतो. औषध आणि पट्टी पशुवैद्यकाच्या हातूनच होऊ द्या. वेडीवाकडी आवळलेली पट्टी नवीन दुखणं आणते.

बर्फाने आणि औषधाने दोन-तीन आठवड्यांत लंगडणं थांबतं आणि नेमकी इथेच चूक होते. दुखणं आधी जातं, लिगामेंटचे धागे मागाहून जुळतात. दुखापत मोठी असेल तर त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. आत किती भरून आलंय ते सोनोग्राफीतच कळतं. जवळ सोय नसेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मोरखी (तोंडाला बांधलेली दोरी) धरून चालवायला सुरुवात करा. आधी दिवसातून दोनदा ५-१० मिनिटं, मग दर आठवड्याला साधारण पाच मिनिटं वाढवत न्या. उघडीप बघून सपाट, घट्ट रस्ता निवडा. शेवाळलेल्या जांभ्यावर पाय घसरला की महिन्याभराची मेहनत गेली. तबेल्यात बांधून कंटाळलेला घोडा पहिल्या दिवशी बाहेर आला की उधळतो, तेव्हा लगाम जाणत्या माणसाच्याच हाती द्या. पोराला पाठवू नका.

काम नाही तर चंदीही कमी. हरभरा, भरडा पहिल्यासारखाच चालू ठेवला तर पोटशूळ होतो, खूरही बिघडतात. सुकं गवत भरपूर द्या. बुरशी धरलेला पेंढा फेकून द्या, आणि आपल्या दमट हवेत तो लवकर बुरशी धरतो. खाली सुका भुसा किंवा पेंढा जाडसर पसरा, लीद रोज काढा, नाहीतर खुराच्या तळव्याला घाण वास येऊन तो सडू लागतो. दुखऱ्या पायावरचा भार घोडा दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पायावर टाकतो. त्या पायाचा खूर गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. नालबंदाला दर सहा आठवड्यांनी बोलवायचंच.

दिवाळीत गिऱ्हाईक येणार, हात शिवशिवणार. मे अखेर दुखावलेल्या पायाला तोवर जेमतेम पाच महिने झालेले असतात. घोडा पुळणीवर न्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर, पाठीवर कुणी न बसवता, हाती धरून न्या. बग्गीला दुसरा घोडा बघा.