पत्रा कापायच्या आधी केबल मोजा

आयटीआय करून ठाणे-बेलापूर पट्ट्यात केबल ट्रेच्या, म्हणजे केबल वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या पन्हळींच्या, कामाला लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. शिडीसारखा लॅडर ट्रे कुठे, जाळीचा ट्रे कुठे, दोन ट्रे जोडणारा कपलर कसा बसवायचा, हे महिन्याभरात हातात बसतं. त्याचं टेन्शन नको.

मी फसलो बेंडमध्ये, म्हणजे ट्रेच्या वळणात. महापेच्या एका कारखान्यात पॅनेल रूमपर्यंत ३०० मिमी रुंद ट्रे न्यायचा होता. ड्रॉइंगमध्ये वळण काटकोनी. मी ग्राइंडरने व्ही कट मारला, ट्रे दुमडला, बोल्ट कसले. सुपरवायझर म्हणाला, "एक नंबर!" पंधरा दिवसांनी केबल आली. साडेतीन कोअर (तीन मुख्य कंडक्टर आणि एक बारीक न्यूट्रल), ३०० स्क्वेअर, आर्मर्ड म्हणजे तारांचं कवच असलेली. दहा जण ओढतायत आणि केबल कोपऱ्यात फुगून ट्रेबाहेर. आतल्या धारेवर काळं जॅकेट सोललं, खालच्या आर्मरच्या तारा चमकायला लागल्या. माझ्या पोटात गोळा.

नीट ऐका. ३०० स्क्वेअर म्हणजे आतल्या एका मुख्य कंडक्टरच्या छेदाचं क्षेत्रफळ, ३०० चौरस मिमी, केबलची जाडी नव्हे. बेंडला लागतो बाहेरचा व्यास. आर्मर्ड केबल साधारण त्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येत वळवतात. नेमका आकडा कॅटलॉगात बघा. व्यास ६० मिमी धरला तरी त्रिज्या ७२० मिमी. माझ्या कोपऱ्याची होती शून्य! ट्रेमध्ये किती केबल मावतात हे सगळे विचारतात, सर्वांत जाड केबल वळेल का हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. उत्तर मिळेपर्यंत ग्राइंडरला हात लावू नका.

तसंही साईटवर कापलेल्या कडेचं गंज अडवणारं जस्त जातं. झिंक स्प्रे मारला तरी हॉट डिपची, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेल्या थराची, सर येत नाही, आणि खाडीची हवा कुणाला सोडत नाही. फॅक्टरीत पंचिंग-वेल्डिंग उरकून मग जस्तात बुडवलेला बेंडच मागवा. 'साईटवर ॲडजस्ट करू' म्हणणारा उस्ताद मला तरी उस्ताद वाटत नाही.

मला वाचवलं रबाळ्याच्या एका म्हाताऱ्या फिटरने. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ओरडले नाहीत. फरशीवर खिळा धरला, सुतळी बांधली, ७२० वर खडू धरून कमान काढली आणि माझा कोपरा तिच्यावर ठेवला. "बघ, बसतोय का?"

दोन दिवसांची हजेरी कापली गेली. नोकरी राहिली. तुमचीही राहील, पण सुतळी खिशात ठेवा.