सुटकेची तयारी पहिल्या दिवसापासून : कारागृहात काम करणाऱ्या समाजसेवकांसाठी

बंद्याच्या सुटकेची तयारी शेवटच्या महिन्यात हाती घ्यायची, अशी रीत अनेक कारागृहांत पडून गेली आहे. तेवढ्या अवधीत फार तर एखादे व्याख्यान आणि एखादे प्रमाणपत्र उरकते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी १०७ वा नियम मात्र स्पष्ट सांगतो की, शिक्षेच्या प्रारंभापासूनच बंद्याच्या सुटकेनंतरच्या भवितव्याचा विचार झाला पाहिजे. हा नियम प्रत्यक्षात आणण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. दाखल होताना घेतलेली नीट मुलाखत आणि बंद्याबरोबर पुढे सरकत जाणारी एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

या पहिल्या मुलाखतीत गुन्ह्याविषयी फारसे विचारू नये, कारण तो तपशील कागदपत्रांत असतोच. राहते घर कोणाच्या नावावर आहे, भाडे कोण भरणार आहे, कर्ज किती आणि कोणाचे, मुले सध्या कोणाजवळ आहेत, ओळखपत्र आणि शाळेचे दाखले कुठे पडून आहेत, कोणती औषधे सुरू होती, व्यसन आहे का, हे विचारावे. ही माहिती सहा-सहा महिन्यांनी तपासावी, कारण मधल्या काळात घर विकले जाते, संसार मोडतात, सांभाळणारे आईवडील जातात. बंद्याची बदली झाली तर नोंदवही त्याच्यासोबत जाईल अशी व्यवस्था करावी. तसे न झाल्यास नव्या ठिकाणी सगळे पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तीच उत्तरे पुन्हा देताना बंदीही कंटाळतो.

कागदपत्रांचे काम सर्वांत आधी सुरू करावे, कारण तेच सर्वांत रेंगाळते. एका दाखल्यावर नाव एका तऱ्हेने, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असणे ही नेहमीची अडचण आहे आणि ती दुरुस्त होईपर्यंत बँकेत खाते उघडत नाही, खोली मिळत नाही, मजुरी हाती पडत नाही.

कुटुंबाबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. भेटी आणि पत्रव्यवहार अखंड राहावा यासाठी प्रयत्न करावेत, पण घरचे लोक बंद्याला परत घेतीलच, असे गृहीत धरू नये. घरच्यांशी बंद्याच्या अनुपस्थितीत बोलावे. त्याच्यासमोर ते होकार देतात आणि सुटकेच्या आदल्या दिवशी फोन उचलत नाहीत. गुन्ह्याची झळ पोचलेली व्यक्ती त्याच घरात किंवा शेजारी राहत असेल, तर तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आधी सोडवावा आणि बंद्यासाठी दुसरी जागा शोधावी, मग ती कितीही गैरसोयीची असो.

शिक्षण आणि प्रशिक्षण यांचा उपयोग होतो याला आधार आहे. अमेरिकेतील रँड या संस्थेने २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात कारागृहातील शिक्षणात सहभागी झालेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता, म्हणजे सांख्यिकीच्या भाषेतील ‘ऑड्स’, ४३ टक्क्यांनी कमी आढळली. जे स्वतःहून शिकायला येतात ते मुळातच अधिक उत्सुक असतात, ही शंका या आकड्यावर घेता येते. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी त्या व्यवसायाला परवाना लागतो का आणि शिक्षा झालेल्याला तो मिळतो का, हे जरूर पाहावे. वर्षभर एखादे काम शिकवून शेवटी तोच परवाना नाकारला जाणे यासारखी निराशा दुसरी नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग कौशल्याचा नसून निर्णय घेण्याच्या सवयीचा आहे. कारागृहात कधी उठायचे, काय खायचे, दिवा कधी मालवायचा हे दुसरा ठरवतो आणि कित्येकांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने दारही उघडलेले नसते. अशा माणसाला आज्ञाधारक म्हणून शाबासकी मिळते, पण बाहेर हीच आज्ञाधारकता त्याला गोंधळात टाकते. म्हणून छोटे निर्णय टप्प्याटप्प्याने त्याच्याकडे सोपवावेत : मजुरीचा हिशोब त्यानेच ठेवावा, वर्गाची वेळ लक्षात ठेवून कोणी हाक न मारता हजर व्हावे, शक्य तेथे स्वतःचा स्वयंपाक करावा. नॉर्वेतील बास्तोय बेटावरील कारागृहात बंदी छोट्या घरांतून राहतात आणि शेती व घरकाम सांभाळतात. त्या देशातील आणखी एक पद्धत मला त्याहून महत्त्वाची वाटते : शिक्षक, डॉक्टर आणि ग्रंथपाल हे कारागृहाचे नोकर नसून बाहेरच्या नागरी सेवांतून येतात, त्यामुळे सुटकेनंतर बंद्याला त्याच यंत्रणेकडे जायचे असते. खुले कारागृह (जिथे पहारा आणि बंधने कमी असतात) आणि रजा (शिक्षेच्या काळात काही दिवस घरी जाण्याची परवानगी) यांकडेही केवळ सवलत म्हणून न पाहता सराव म्हणून पाहावे. रजेवरून परतल्यावर कुठे अडले, हे विचारून ते नोंदवहीत लिहावे. मोबाइलवरील व्यवहार, ऑनलाइन अर्ज आणि पासवर्ड यांची ओळखही याच काळात करून द्यावी.

नोकरीच्या मुलाखतीतील एका प्रश्नाचा सराव पुन्हा पुन्हा करून घ्यावा : ‘मधली वर्षे तुम्ही कुठे होता?’ लांबलचक स्पष्टीकरण आणि सरळ खोटे, दोन्ही घातक ठरतात. ‘माझ्यावर चोरीचा गुन्हा सिद्ध झाला, मी शिक्षा पूर्ण केली, त्या काळात वेल्डिंग शिकलो आणि ते काम आता दाखवू शकतो,’ असे तीन-चार वाक्यांत संपणारे उत्तर बंद्याने स्वतःच्या शब्दांत तयार करावे. कायद्याने काय सांगणे बंधनकारक आहे, हे त्याला आधी समजावून द्यावे.

प्रकृतीचा भाग जिवाशी येणारा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक बंद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या तुलनेत सुमारे १२.७ पट होता आणि सर्वाधिक मृत्यू अमली पदार्थांच्या अतिमात्रेने झाले होते. नशा बंद असताना शरीराची सहनशक्ती घटते आणि जुनीच मात्रा प्राणघातक ठरते, हे व्यसनी बंद्याला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. यात संकोच करू नये. अफूजन्य पदार्थांचे व्यसन असल्यास नॅलॉक्सोन हे उतारा म्हणून दिले जाणारे औषध मिळवून त्याचा वापर घरच्यांना शिकवावा. चालू औषधांचा पुरेसा साठा, औषधांची चिठ्ठी आणि बाहेरच्या डॉक्टरांची ठरलेली वेळ ही सुटकेआधी हातात असावी.

सुटकेच्या दिवसासाठी एकच कागद तयार करावा. दार किती वाजता उघडेल, घ्यायला कोण येईल, ती व्यक्ती न आल्यास कोणती गाडी पकडायची आणि तिकिटाचे पैसे कोणत्या पाकिटात आहेत, पहिली रात्र कुठे, जेवण कुठे, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचे, इतक्या बारकाईने तो लिहावा. वाचता न येणाऱ्यासाठी तो तोंडपाठ करून घ्यावा. शक्य असेल तेथे सुट्टीच्या आदल्या दिवशी सुटका टाळावी, कारण सगळी कार्यालये बंद असताना निवारा आणि औषधे मिळत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये याच कारणासाठी २०२३ मध्ये कायदा करून अशी सुटका आधीच्या कामाच्या दिवशी करण्याची मुभा देण्यात आली.

बाहेर पडल्यावर पाठपुरावा करणारी व्यक्ती शक्यतो आतली ओळखीचीच असावी आणि पहिला फोन तिने करावा, बंद्याच्या फोनची वाट पाहू नये. पोलीस ठाण्यात हजेरी, समुपदेशन किंवा न्यायालयाची तारीख अशा अटी असतील तर त्या एका दिनदर्शिकेवर मांडून कामाच्या वेळांशी ताडून पाहाव्यात. हजेरीसाठी दर आठवड्याला अर्धा दिवस रजा मागणारा कामगार मालक फार काळ ठेवत नाही, म्हणून वेळ बदलून मिळण्याचा लेखी अर्ज सुटकेपूर्वीच द्यावा आणि पोच मिळाल्याचा शिक्का असलेली त्याची प्रत बंद्याजवळ ठेवावी.